लांब पल्ल्याची नेमबाजी आणि वाऱ्याचा हिशेब

मराठी वाचकाला धारवाड ठाऊक असते ते पेढ्यामुळे, गायकांमुळे आणि जी. ए. कुलकर्णी यांच्यामुळे. गोव्याहून अनमोड घाट चढून, लोंढा आणि अळणावर मागे टाकून जो तिथे पोहोचतो, त्याला मात्र आधी जाणवतो तो वारा. दाट झाडी विरळ होत जाते, क्षितिज मोकळे होते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीच्या या पठारावर पश्चिमेचा वारा अडवायला काही उरत नाही. हुबळीहून आणखी पूर्वेला, गदग जिल्ह्यातील कप्पतगुड्डाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. वीज निर्माण करणाऱ्याला जो वारा हवासा वाटतो, त्याच वाऱ्याने रायफल हाती घेतलेल्या माणसाचे गणित चुकते. मोकळ्या मैदानावरील नेमबाजीत हात किती स्थिर आहे याच्या बरोबरीने, आणि पल्ला वाढला की त्याहूनही अधिक, वारा किती अचूक वाचला याला महत्त्व येते.

हा विषय आपल्या भागात अभावानेच शिकवला जातो, आणि त्याचे कारण सरळ आहे. गोवा असो की हुबळी-धारवाड, मुले नेमबाजीला सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफलने, चार भिंतींच्या आत. तिथे वारा नसतो. श्वास, चाप, शरीराचा तोल एवढे साधले की गुण वाढत जातात. पुढे तोच खेळाडू ५० मीटरच्या मोकळ्या रेंजवर जातो आणि उत्तम सोडलेली गोळी नऊच्या, आठच्या वर्तुळात पडलेली पाहून स्वतःवरच शंका घेऊ लागतो. चाप दाबताना हात हलला असेल, अशी समजूत करून घेतो आणि जे बिघडलेले नाही ते सुधारत बसतो. यात कित्येकांचा उमेदीचा काळ वाया जातो.

गोळी वाऱ्याबरोबर वाहत नाही

सर्वसाधारण समज असा की नदीत सोडलेली होडी जशी प्रवाहाबरोबर सरकते, तशी गोळी वाऱ्याबरोबर सरकते. तसे असते तर हिशेब सोपा होता. ५० मीटरच्या स्पर्धेत वापरली जाणारी पॉइंट टू-टू काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते आणि लक्ष्यापर्यंत पोहोचायला तिला ०.१५७ सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. सेकंदाला १ मीटर वेगाचा आडवा वारा तिला वाहून नेत असता, तर ती १५७ मिलिमीटर बाजूला पडली असती. प्रत्यक्षात ती सरकते ५ ते ६ मिलिमीटर.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. नळीच्या आतील पिळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. आडवा वारा तिला भेटतो तेव्हा ती आपले नाक किंचित वाऱ्याच्या दिशेला वळवते, म्हणजे तिच्यावर जी हवा प्रत्यक्षात चालून येत असते तिला ती सामोरी जाते. हवेचा विरोध मग नेमक्या मागच्या बाजूला न ओढता थोडा तिरका ओढतो. गोळीला बाजूला नेतो तो हा तिरका विरोध. म्हणून विचलन ठरते ते गोळी हवेमुळे किती रेंगाळली यावरून. निर्वात पोकळीत तिने हे अंतर ०.१५१ सेकंदात कापले असते. हवेमुळे लागले ०.१५७. या दोहोंतील फरक सेकंदाच्या पाच-सहा सहस्रांशांचा. या फरकाला वाऱ्याच्या वेगाने गुणले की विचलन मिळते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच तोफखाना अधिकारी इझिदोर दिदियों यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आजही वापरात आहे.

त्यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. त्याच टू-टू काडतुसाची अधिक वेगाची, ध्वनीपेक्षा जलद जाणारी गोळी घेतली, तर ती लक्ष्यापर्यंत लवकर पोहोचते. पण ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध झपाट्याने वाढत असल्याने ती तुलनेने अधिक रेंगाळते आणि वाऱ्यात अधिक सरकते. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली ठेवतात, त्यामागील कारणांपैकी हे एक. ‘जोरकस गोळीला वारा कमी लागतो’ हे दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य टू-टूच्या बाबतीत तरी खरे नाही.

५० मीटर रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ केंद्रापासून ८ मिलिमीटरने दूर जाते. गोळीची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. तेव्हा गोळीचे केंद्र ८ मिलिमीटरपर्यंत सरकले तर दहा टिकतात, १६ पर्यंत नऊ. म्हणजे सेकंदाला दीड मीटर वेगाचा, ताशी सुमारे साडेपाच किलोमीटरचा आडवा वारा लक्षात घेतला नाही, तर अगदी निर्दोष गोळीचेही दहा धोक्यात येतात. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये तयार केलेल्या आणि आजही प्रचलित असलेल्या मापनश्रेणीत, गालाला जाणवणारा आणि पाने सळसळवणारा वारा ताशी ६ ते ११ किलोमीटरचा धरतात. ज्याला आपण वारा म्हणायलाही तयार होणार नाही, अशा झुळकेत एक गुण जातो. धूळ आणि कागद उडू लागले की वेग ताशी २० च्या पुढे गेलेला असतो. धारवाडच्या पठारावर जून-जुलैच्या दुपारी हे दृश्य नवलाचे नाही.

गोळी केवळ आडवी सरकत नाही, हेही नवख्याला गोंधळात टाकते. नळीतील पीळ बहुधा उजवीकडे वळणारा असतो. अशा रायफलीत डावीकडून आलेला वारा गोळीला उजवीकडे आणि किंचित खाली नेतो, तर उजवीकडचा वारा डावीकडे आणि किंचित वर. लक्ष्यपत्रावर घड्याळाची तबकडी कल्पिली, तर वाऱ्यात पडलेल्या छिद्रांचा पुंजका दहाच्या अंकाकडून चारच्या अंकाकडे तिरपा पसरलेला दिसतो. प्रशिक्षकाने असा तिरपा पुंजका पाहिला की खेळाडूच्या चापाकडे बोट दाखवण्याआधी झेंड्याकडे पाहावे.

समोरचा वारा अधिक फसवा

वारा नेहमी आडवाच येतो असे नाही. त्याचे मोल ठरवण्यासाठी नेमबाज पुन्हा घड्याळाचाच आधार घेतात. नेमबाज तबकडीच्या मध्यावर, लक्ष्य बाराच्या अंकावर. तीन किंवा नऊ वाजता येणारा वारा पूर्ण धरायचा. एक, पाच, सात आणि अकराचा निम्मा. दोन, चार, आठ आणि दहाचा जवळजवळ पूर्ण, म्हणजे आठात सात भाग. बारा आणि सहाचा शून्य. बरोबर दीड वाजताचा, ४५ अंशांचा वारा अनेक जण निम्मा धरतात, पण त्याचे मोल ७१ टक्के भरते.

शून्य म्हटल्यामुळे समोरून येणारा वारा निरुपद्रवी वाटतो. अनुभवी नेमबाज मात्र त्यालाच अधिक बिचकतात. सेकंदाला ३ मीटरचा वारा अकरा वाजताच्या दिशेने येत आहे असे समजा. त्याचा आडवा भाग दीड मीटर, गोळी ८ मिलिमीटर उजवीकडे. तोच वारा, वेग तसूभरही न बदलता, एक वाजताच्या दिशेला झुकला की गोळी ८ मिलिमीटर डावीकडे. झेंड्याचे टोक जरासे हलले आणि फरक पडला १६ मिलिमीटरचा. याउलट तीन वाजताचा ठाम वारा पुष्कळ जोराचा असला, तरी त्याची दिशा दहा-पंधरा अंशांनी इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही. मावळतीचा वारा पश्चिमाभिमुख रेंजवर समोरून येतो आणि दक्षिणोत्तर रेंजवर आडवा; रेंजची दिशा कोणती, हा प्रश्न स्पर्धेला जाण्यापूर्वीच विचारून ठेवावा तो यासाठी.

पल्ल्यावर सर्वत्र एकच वारा वाहतो, असेही नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटरच्या रेंजवर वाऱ्याचे झेंडे दोन ठिकाणी असतात, नेमबाजापासून १० मीटरवर आणि ३० मीटरवर. दोघे दोन दिशांना फडकत असतील तर कोणाचे ऐकायचे? सर्वसाधारणपणे जवळच्याचे. सुरुवातीलाच गोळीला मिळालेला तिरकसपणा उरलेल्या संपूर्ण प्रवासात वाढत जातो, तर लक्ष्याजवळच्या वाऱ्याला काम करायला अंतरच उरत नाही. पल्ल्याचे तीन समान भाग केले, तर त्यांचा प्रभाव ढोबळमानाने ५, ३ आणि १ या प्रमाणात पडतो. मात्र भिंत, मातीचा बांध किंवा झाडांची रांग जवळचा भाग आडोशाला ठेवत असेल तर हे प्रमाण उलटेपालटे होते, आणि जवळचा निपचित झेंडा नेमबाजाला सरळ फसवतो.

झेंड्यांच्या जोडीला आणखी एक साधन आहे आणि हुबळी परिसरात ते उन्हाळ्यात विनासायास मिळते. नेमबाज त्याला ‘मिराज’ म्हणतात; आपला शब्द मृगजळ. हुबळीच्या पूर्वेकडील काळी जमीन मार्च-एप्रिलमध्ये तापते, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि दुर्बिणीतून पाहता लक्ष्यासमोर पाण्यासारखे काहीतरी हलताना दिसते. या लहरी सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाही. त्या कलू लागल्या की वारा सुटला. त्या आडव्या धावू लागल्या की त्याचा वेग वाढला. वारा याहून जोराचा झाला की लहरी विरून जातात आणि पुन्हा झेंड्याकडे वळावे लागते. दुर्बीण थेट लक्ष्यावर न रोखता त्याच्या अलीकडे रोखली तर लहरी अधिक स्पष्ट दिसतात. त्या उकळताना दिसल्या की मात्र गोळी रोखून धरावी. वारा दिशा बदलण्याच्या क्षणी बहुधा असाच दिसतो आणि पुढच्या पळी तो कोणत्या बाजूने उठेल ते सांगता येत नाही.

सुधारणा करावी कशी

तीन मार्ग आहेत. मागच्या साइटची चकती फिरवून, एकेका क्लिकने नेम वाऱ्याच्या दिशेला सरकवणे हा पहिला. साइट तशीच ठेवून नेमच थोडा बाजूला धरणे हा दुसरा. तो झटपट होतो, पण लक्ष्याचे काळे वर्तुळ माशीच्या कड्यात मध्यावर ठेवण्याची वर्षानुवर्षांची सवय मोडावी लागते, म्हणून क्षणिक झुळकेपुरताच तो बरा. तिसरा मार्ग थांबण्याचा. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभ्याने अशा प्रत्येकी २० गोळ्यांसाठी एकूण १ तास ३० मिनिटे मिळतात. जाणता नेमबाज सुरुवातीच्या सरावाच्या गोळ्या नुसता नेम तपासण्यात खर्च करीत नाही. वारा डावीकडून भरात असताना एक, पडता असताना एक, उलटला असताना एक अशा गोळ्या सोडून तो त्या दिवसाच्या वाऱ्याचा नकाशा मनात तयार करतो. मग जो वारा सर्वाधिक वेळा परत येतो असे दिसते तो निवडतो, साइट त्याच्याशी जुळवतो आणि तो परत येईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवतो. आमच्या मते तिन्हींत हाच मार्ग श्रेष्ठ, आणि शिकवायला सर्वांत कठीण, कारण यात शिकवायचे असते ते काहीच न करणे.

पल्ला वाढला की आकडे अंगावर येतात. ३०० मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो आणि सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा काडतुसानुसार गोळीला ३० ते ४५ मिलिमीटर सरकवतो. १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, पॉइंट थ्री-झीरो-एट जातीच्या काडतुसाची गोळी सुमारे दीड सेकंद हवेत असते. निर्वातात तिला एक सेकंद पुरला असता. उरलेला अर्धा सेकंद हाच तिचा विलंब. म्हणून वाऱ्याच्या प्रत्येक मीटर वेगामागे अर्धा मीटर विचलन. ताशी १५ किलोमीटरचा वारा तिला दोन मीटरहून अधिक बाजूला नेतो. नेमबाज मग लक्ष्यापासून दोन मीटर दूर असलेल्या एका अदृश्य बिंदूवर नेम धरीत असतो. शिवाय या पल्ल्यावर गोळी मध्यावर दृष्टिरेषेच्या तीन-चार मीटर वरून जाते, जिथला वारा जमिनीलगतच्या वाऱ्यापेक्षा जोराचा असतो. खालचे गवत पाहून केलेला अंदाज कमी पडतो तो यामुळे. या प्रकारचे माहेरघर म्हणजे ब्रिटन. तेथील नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा १८६० मध्ये विम्बल्डनला सुरू झाल्या आणि १८९० पासून बिस्लीला भरू लागल्या.

उंचीचाही थोडा विचार करावा लागतो. पणजीच्या तुलनेत धारवाडची हवा सहा ते सात टक्के विरळ आहे. ५० मीटरवर हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो आणि खुशाल विसरता येतो. १००० यार्डांवर मात्र चार मीटर वेगाच्या वाऱ्यात तो १५ सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि गोळी कमी खाली पडते ते वेगळेच. किनाऱ्यावर जुळवलेली साइट पठारावर तशीच चालत नाही.

खरा फरक वाऱ्याच्या स्वभावात आहे. किनाऱ्यावर खारे वारे दुपारपूर्वी सुटतात आणि संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी एका दिशेने वाहतात. मतलई वारे रात्री. त्यांच्यात एक शिस्त असते. पठारावर सकाळ शांत, पण ऊन चढले की तापलेल्या हवेचे लोट वर जातात आणि त्यांची जागा घ्यायला येणारा वारा झटक्याझटक्याने येतो. पावसाळ्यात घाट ओलांडून आलेला नैर्ऋत्येचा वारा जोराचा पण ठाम असतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचा ढग चढू लागला की काही मिनिटांत दिशा उलटते. हिवाळ्यातील सकाळी पूर्वेची मंद झुळूक असते आणि नवशिक्याने वाऱ्याची ओळख करून घ्यायला तीच वेळ उत्तम.

भारतीय नेमबाजीशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी मानली जाते. हुबळी-धारवाडपासून महामार्गाने बेळगाव ओलांडून पुढे गेले की कोल्हापूर लागते, आणि ५० मीटरच्या मोकळ्या पल्ल्यावरील दोन मोठे विजय त्या जिल्ह्याचे आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि विश्वविजेतेपद पटकावले. ६० गोळ्यांत गेले ते अवघे तीन गुण.

दुसरा विजय १ ऑगस्ट २०२४ चा. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ५९० गुणांसह सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत आला आणि तिथे ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन गेला. त्याआधी भारताला रायफलमध्ये मिळालेली दोन्ही ऑलिंपिक पदके, २००८ मधील अभिनव बिंद्राचे सुवर्ण आणि २०१२ मधील गगन नारंगचे कांस्य, १० मीटर एअर रायफलमधली होती. २०१२ मध्येच लंडनला जयदीप कर्माकर ५० मीटर प्रोनमध्ये चौथा आला होता. पदक हुकले ते १.९ गुणांनी. ५० मीटरच्या लक्ष्यपत्रावर गुणाचा दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर.

कुसाळे घडला तो पुण्याच्या बालेवाडी संकुलात, जिथे ५० मीटरची रेंज आहे. ज्यांच्या गावात अशी रेंज नाही, त्यांनाही वाऱ्याचा अभ्यास रायफलीविना सुरू करता येतो. मोकळ्या माळावर १० आणि ३० पावलांवर सुती कापडाच्या दोन अरुंद पट्ट्या काठीला बांधायच्या, हातात मावणारे वेगमापक यंत्र घ्यायचे, आणि आधी अंदाज बोलून मग यंत्र पाहायचे. वहीत चार रकाने पुरतात : वेळ, घड्याळातील दिशा, अंदाज, प्रत्यक्ष वेग. पहिल्या आठवड्यात अंदाज बहुधा दुपटीने चुकतो, आणि चुकतो तो वरच्या बाजूला, कारण झुळूक लक्षात राहते आणि दोन झुळकांमधली शांतता राहत नाही. रेंजवर जाण्याची संधी मिळाली की याच वहीत पाचवा रकाना वाढवावा, गोळी कुठे पडली याचा, आणि तो गोळी सोडण्याआधी भरावा.